समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा खारा काठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. अरबी समुद्राचं सर्वांत जवळचं पाणी गाठायचं म्हटलं तरी मध्ये साडेतीनशे-चारशे किलोमीटरची जमीन, अजिंठ्याचे डोंगर आणि वर सह्याद्रीचा घाट. आमच्याकडे भरती-ओहोटी हा शब्द बोलण्यात येतो तो दैवाच्या किंवा धंद्याच्या संदर्भात. पाण्याशी त्याचा काही संबंध आहे, हे शाळेत गेल्यावर कळतं. मी कितीतरी वर्षं या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये भूगोल शिकवला. नकाशावर कोकणचा किनारा दाखवताना मुलांच्या डोळ्यांत जी अपूर्वाई दिसे, ती मला चांगली आठवते. पण त्याच मुलांना मी दरवर्षी सांगत असे, की बाबांनो, खाऱ्या पाण्याचा एक काठ आपल्याही जिल्ह्यात आहे. एस.टी.त बसलात तर मेहकरहून तासाभरात पोहोचाल. लोणार.

लोणार म्हटलं की उल्का, विवर, जगातलं आश्चर्य, एवढं सगळ्यांना पाठ असतं. आज मला बोलायचं आहे ते त्या काठाबद्दल. पाणी आणि जमीन जिथे भेटतात त्या पट्ट्यावर आजवर कोण कोण आलं, ते तिथे कसं वावरलं, आणि आता आपण जातो तेव्हा कसं वावरावं, याबद्दल.

नावापासूनच सुरुवात करू. लवण म्हणजे मीठ, त्याचं लोण, आणि त्यावरून लोणार. कथा अशी की लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहून लोकांना छळत असे. विष्णूने दैत्यसूदन रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्याच्या रक्तामांसाने पाणी खारट झालं. ते उडालेलं झाकण म्हणजे दूरची एक टेकडी, असंही जुनी माणसं सांगतात. कथेला आपण हसतो, पण मला तिचं नेहमी कौतुक वाटत आलं आहे. एक मोठा आघात झाला, काहीतरी उडून दूर पडलं आणि खड्डा उरला, एवढं तर तिने बरोबर पकडलं आहे. शास्त्रज्ञांना तिथे पोहोचायला विसावं शतक अर्धं उलटून जावं लागलं.

गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ या कथेचंच स्मारक. त्याच्या बाह्यभिंतींवरचं शिल्पकाम पाहायला अर्धा दिवसही अपुरा पडतो. खाली विवरात, पाण्याच्या भोवताली आणखी मंदिरं आहेत: कमळजा देवी, रामगया, वाघ महादेव, मोराचं मंदिर, अंबरखाना, शंकर-गणेश. बहुतेक चालुक्य-यादवांच्या काळातली. काही पडली, काहींना झाडांच्या मुळांनी विळखा घातला. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामाच्या लीळा आहेत. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी हा काठ आडरानातला नव्हता, वाटेवरचा होता.

यात्रेकरूंची या काठावरची रीत पाहण्यासारखी आहे. विवराच्या ईशान्य कडेला धार आहे, गोमुखातून पडणारं गोडं पाणी. स्नान तिथे करायचं. मग खाली उतरून देवीचं दर्शन घ्यायचं आणि वर यायचं. मोठ्या सरोवरात पोहण्याची परंपरा नाही. ज्या देशात पाणी दिसलं की डुबकी मारतात, तिथे एवढ्या मोठ्या जलाशयाच्या काठी येऊन लोक स्नानासाठी बाजूचा झरा निवडतात, ही गोष्ट साधी नाही. पाण्याचा गुण त्यांनी ओळखला होता. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही.

आता हा गुण काय ते सांगतो. सरोवर साधारण बशीसारखं आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. धार, रामगया, सीतान्हाणी असे झरे आणि पावसाळ्यातले ओघळ पाणी आणतात, सूर्य ते उडवून नेतो, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हा हिशेब चालू आहे. समुद्राच्या पाण्यात मुख्यतः आपलं खायचं मीठ असतं. लोणारच्या पाण्यात मिठाच्या जोडीला सोडा आहे, धुण्याचा आणि खाण्याचा, दोन्ही. आम्लता-क्षारता मोजायची जी सामूची पट्टी आहे, तिच्यावर शुद्ध पाणी ७ वर येतं, समुद्राचं ८ च्या थोडं वर, आणि लोणारचं वर्षानुवर्षं साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान मोजलं गेलं आहे. पट्टीवरचा एक अंक म्हणजे दहा पट फरक. हातावर घेतलं तर साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत लागतं. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं.

हा सोडा म्हणजे एके काळी दौलत होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आईन-इ-अकबरीत वऱ्हाडची माहिती देताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, असं तो नोंदवतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाचा तळ उघडा पडे. त्यावर साकळलेला क्षार लोक खरवडून, उपसून, वाळवून काढत. त्याच्या प्रतवारीची नावंही होती: दल्ला, पापडी, भुस्की. बांगडीच्या काचेला, कापड रंगवायला, साबणाला तो जाई. घरोघरीच्या पापडात पडणारा पापडखार हा याच जातीचा. पुढे कारखान्यातला सोडा स्वस्त झाला आणि हा धंदा बसला.

या खार काढणाऱ्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. पण या काठाची खरी माहिती त्यांनाच होती. कुठे पाय ठेवला तर टिकेल, कुठे रुतेल, कोणत्या महिन्यात पाण्यात शिरावं आणि कधी शिरू नये, हे सगळं त्यांच्या तळपायांना कळत होतं. त्या माहितीचा एक तुकडा माझ्या वाट्याला आला, तो असा.

ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेची सहल लोणारला गेली होती. पाण्याच्या कडेला पांढरा, वाळलेला, भाजलेल्या भाकरीसारखा भेगाळलेला पट्टा होता. नववीतला एक मुलगा, सांगूनही न ऐकणारा, त्यावरून धावत पाण्याकडे निघाला. चार पावलं नीट गेला आणि पाचव्याला गुडघ्यापर्यंत आत. खाली काळा, थंड, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल. मुलगा घाबरून जोर लावू लागला, तसा दुसरा पायही रुतला. तिथे शेरडं चारणारा एक म्हातारा होता. त्याने मुलाला ओरडून आडवं व्हायला लावलं, काठी पुढे केली आणि ओढून काढलं. बूट आतच राहिला. मग म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, पांढऱ्यावर पाय नोका देऊ, हिरव्यावर द्या."

या एका वाक्यात काठाचं सगळं शास्त्र आलं. पांढरा पट्टा म्हणजे नुकताच उघडा पडलेला तळ. वरचा क्षार वाळून कडक दिसतो, खाली गाळ ओलाच असतो. जिथे गवत धरलं आहे तिथे मुळांनी माती बांधलेली असते. आणि तो वास? तळच्या गाळात हवा नसते, तिथले जंतू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. वास वाढला की आपण गाळाच्या जवळ आलो असं समजावं.

साहेब लोकांची पावलं इथे उमटली ती नंतर. १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला आणि युरोपियनांच्या लेखी लोणारची नोंद झाली. मग वाद सुरू झाला, की हा खड्डा झाला कसा? चारी बाजूंना काळा फत्तर, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचा दगड, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असं बहुतेकांनी धरलं. गंमत पाहा, अमेरिकेत अ‍ॅरिझोनात असाच एक प्रचंड खड्डा आहे. गिल्बर्ट नावाच्या मोठ्या भूवैज्ञानिकाने १८९६ साली त्याच्यावर लिहिताना आपल्या लोणारचं उदाहरण दिलं, तेही तो खड्डा उल्केचा नसावा या बाजूने. आज दोन्ही खड्डे उल्केचे ठरले आहेत! १९६० च्या दशकात आघाताची शंका जोर धरू लागली. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळाला भोकं पाडून नमुने काढले. त्यात प्रचंड दाबाखाली स्फटिकाची काच झालेली सापडली. ज्वालामुखीत असा दाब येत नाही. १९७३ साली हा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला आणि दीडशे वर्षांचा वाद बहुतेक मिटला.

वयाचा प्रश्न मात्र लांबला. पन्नास हजार वर्षं हा आकडा बराच काळ चालला आणि अजूनही पुष्कळ जण तोच सांगतात. २०१० च्या सुमारास आर्गॉन वायूच्या मोजणीवरून नवं वय आलं, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. 'काळ्या फत्तरातलं जगातलं एकमेव विवर' हेही आता जपून म्हणावं लागतं, कारण ब्राझीलमध्ये तशा खडकातली आणखी विवरं ओळखली गेली आहेत. पण इतकं शाबूत, काठ न मोडलेलं, आत पाणी धरून बसलेलं असं लोणारच. कडेपासून कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि कडेवरून पाण्यापर्यंत सुमारे १३५ मीटर खोल. चाळीस मजली इमारत उतरून जावी आणि तेवढीच परत चढावी, असा हा प्रवास आहे.

हे चढणं-उतरणं लोक हिशेबात धरत नाहीत. खाली वारा पडलेला असतो. बशीत ऊन साठतं. उन्हाळ्यात अकरानंतर खाली राहणं म्हणजे तव्यावर बसणं. उतरताना कोणालाच काही होत नाही, होतं ते चढताना, आणि तेव्हा बाटलीतलं पाणी संपलेलं असतं. मी मुलांना सांगत असे, अर्धी बाटली झाली की माघारी वळा. वयस्कर माणसांनी, गुडघे-छातीची तक्रार असलेल्यांनी वरूनच पाहावं. वरून दिसणारं लोणार काही कमी नाही. सकाळी लवकर उतरावं, हिवाळ्यात जावं, पायांत पट्ट्याचे किंवा बंद बूट असावेत, साध्या चपला नकोत. पावसाळ्यात धारेच्या पायऱ्या आणि उतारावरचे दगड शेवाळतात, तेव्हा हात रिकामे ठेवून उतरावं.

विवर २००० सालापासून अभयारण्य आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तिथे बिबट्याचा वावर आहे, साप आहेत, घोरपडी आहेत. वानरं तर पिशवीच्या आवाजावर येतात. त्यांना खायला घालणं म्हणजे पुढच्या पर्यटकाच्या हातावर ओरखडा लिहून ठेवणं. पडक्या देवळांच्या अंधाऱ्या गाभाऱ्यांत वटवाघळं आणि कधी मधमाश्यांची पोळी असतात. आत शिरण्यापूर्वी वर पाहावं, आवाज आणि धूर करू नये. चारच्या आत चढायला लागावं, म्हणजे उजेडात वर पोहोचता येतं. वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्यावा. आणि दगड खिशात घालू नयेत. आघाताने तयार झालेले काचमण्यांसारखे खडे पाहून मोह होतो, पण नेलेला खडा घरी कपाटात पडून राहतो आणि इथला पुरावा तेवढा कमी होतो.

आता थोडं खऱ्या समुद्राबद्दल. हे बोलणं भाग आहे, कारण आमच्या भागातून कोकणात सहली जातात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. देशावरची, पठारावरची मुलं. आमच्यासारखीच. तळ्याकाठी वाढलेल्या माणसाचा एक समज असतो, की पाणी जागच्या जागी असतं. काल गुडघाभर होतं म्हणजे आजही गुडघाभर. समुद्राचं तसं नसतं. सुमारे सहा तास तो चढतो, सहा तास उतरतो, आणि वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. कोळ्यांच्या पोराला हे बाराखडीसारखं येतं. ओहोटीच्या वेळी पाणी शांत वाटतं म्हणून माणूस आत जातो, आणि नेमकं तेव्हाच ते बाहेर ओढत असतं. ओढीत सापडलंच तर थेट किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर सरकत ओढीतून बाजूला निघावं, दमलात तर तरंगत राहून हात वर करावा. आणि ज्याला पोहायला येत नाही, त्याने बुडणाऱ्यामागे उडी न घेता दोर, बांबू, रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेकावं. त्या शेरडंवाल्या म्हाताऱ्याने हेच केलं, स्वतः गाळात न उतरता काठी पुढे केली. उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावं, ही पहिली आणि शेवटची गोष्ट.

लोणारला ओढ नाही, लाटा नाहीत. म्हणून तिथे भीती वाटत नाही, आणि म्हणूनच लोक पाण्यात उतरतात. सरोवरात पोहू नये. पाणी क्षारयुक्त आहे, तळ गाळाचा आहे, जवळ जीवरक्षक नाही, आणि मदत यायची तर ती चाळीस मजले उतरून येणार. पाणी डोळ्यांत गेलंच तर बरोबरच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावं. त्वचा रोगमुक्त होते म्हणून अंगाला लावण्याची टूम आहे, तिच्या नादी लागू नये. साबणाचं पाणी जखमेवर काय करतं ते घरी कळतंच.

दुसरंही कारण आहे. हे पाणी जिवंत आहे. त्याचा हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा, ज्याला बाजारात स्पिरुलिना म्हणतात. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी-लाल झालं. लवणासुराची कथा ठाऊक असलेल्या माणसाच्या मनात तेव्हा काय आलं असेल, सांगायला नको! पाण्याची पातळी खाली गेली होती, खारेपणा वाढला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्यात लक्ष घातलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे, लालसर रंगद्रव्य असणारे सूक्ष्मजीव सापडले. नमुना काही दिवस स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. पाऊस पडला, खारेपणा उतरला आणि सरोवराने आपला नेहमीचा रंग परत घेतला. इराणच्या उर्मिया सरोवरातही असंच होत असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा जाहीर झाला. नांदूर-मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं ठिकाण.

दर्जा मिळाला, पण धोका टळला असं मी म्हणणार नाही. गावाचं सांडपाणी, शेतातली खतं, वेड्या बाभळीची दाटी, यांवर वर्षानुवर्षं न्यायालयात सुनावण्या झाल्या. माझ्या मते सगळ्यात नाजूक गोष्ट पाण्याची पातळी. ती फार उतरली तर खारेपणा वाढतो. गोडं पाणी फार आलं तर खारेपणा विरतो, आणि ज्या जिवांना तोच लागतो त्यांची जागा सामान्य तळ्यातले जीव घेतात. मग ते एक साधं तळं होईल. अलीकडे चांगल्या पावसाच्या वर्षांनंतर पाणी काठावर बरंच चढलेलं दिसतं, तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी वाटते.

ही पातळी सामान्य माणसाला ओळखायची एक खूण आहे. कमळजा देवीच्या मंदिरासमोर एक विहीर आहे, सासू-सुनेची विहीर. एकाच विहिरीत एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारट, म्हणून हे नाव. गोडी कोणाची आणि खारट कोण, यावर घराघरांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. जमिनीतला गोडा झरा आणि सरोवराचं झिरपणारं पाणी तिथे भेटतात. सरोवर चढलं की ती पाण्याखाली जाते, उतरलं की पुन्हा दिसते. खाली गेलात तर देवीच्या देवळाजवळ कोणालाही विचारा, विहीर सध्या कुठे आहे. ते बोट दाखवतील, कधी काठावर, कधी पाण्यात.